नवी कार्यप्रणाली आणि पहिल्या वापरकर्त्याची वही

(पोखर्णी येथील विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मला बोलावताना कार्यकर्त्यांनी सांगितले की, "सर, मुलांना संगणकाविषयी चार गोष्टी सांगा." मी त्यांना विचारले, "मुलांच्या खिशात संगणक आहे, मी म्हातारा त्यांना काय नवे सांगणार?" तेव्हा त्यांनी आपल्या अभ्यासिकेतील अडचण माझ्यापुढे ठेवली. ती अडचण हाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

आपल्या अभ्यासिकेत पाच संगणक आहेत. ते जुने आहेत, पण चालू आहेत. त्यांच्यावर विंडोज १० ही कार्यप्रणाली आहे. २०१५ साली बाजारात आलेल्या या प्रणालीची नियमित देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. व्यक्तिगत वापरासाठी एक वर्षाची सवलत जाहीर झाली, पण ती फक्त मुदतवाढ आहे. पुढची विंडोज ११ ही प्रणाली २०२१ साली आली. तिला यंत्राच्या आत सुरक्षेची एक विशिष्ट सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आपल्या पाच यंत्रांपैकी एकही त्या अटीत बसत नाही. आता काही सभासद म्हणतात, भंगारात द्या. काही म्हणतात, आहे तसेच वापरा. काही तरुण म्हणतात, लिनक्स टाकून पाहू या. हा निर्णय मंडळाने घ्यावयाचा आहे, मी घेणार नाही. मात्र आपल्या भागात याआधी ज्यांनी ज्यांनी नवी प्रणाली प्रथम हाताळली त्यांना काय अनुभव आले, हे ऐकून निर्णय घेतलात तर तो अधिक शहाणपणाचा होईल. त्यांपैकी काही अनुभव माझे स्वतःचे आहेत, आणि त्यांत माझ्या चुकाही आहेत.

कार्यप्रणाली म्हणजे काय?

समोर बसलेल्या आया-मावश्यांसाठी आधी एवढे सांगतो. आपल्या पोखर्णीला रेल्वे स्टेशन आहे. परभणी-परळी मार्गावरच्या गाड्या तिथून जातात. स्टेशनमास्तर स्वतः गाडी चालवत नाही, तिकीट काढून प्रवासही करत नाही. पण कोणती गाडी कोणत्या रुळावर घ्यावयाची, कोणाला थांबवायचे, कोणाला सोडायचे, हे तो पाहतो. तो जागेवर नसेल तर इंजिन, डबे, रूळ सगळे असूनही गाडी हलत नाही. संगणकातील स्टेशनमास्तर म्हणजे कार्यप्रणाली. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर पोहोचवणे, पडद्यावरचे कागदावर छापून घेणे, फाइल जपून ठेवणे आणि मागितली की परत देणे ही तिची कामे. स्टेशनमास्तर बदलला की हुद्दा तोच राहतो, परंतु कामाची रीत बदलते, आणि पहिले काही दिवस सगळ्यांचाच गोंधळ उडतो.

काळा पडदा

मी मूळचा टंकलेखन शिकवणारा माणूस. मराठी तीस आणि चाळीस शब्द गतीच्या परीक्षांना मुले बसवीत असे. नव्वदीच्या सुरुवातीस आमच्याकडे पहिला संगणक आला, त्यावर डॉस नावाची प्रणाली होती. काळा पडदा, त्यावर चमकणारी एक लहानशी रेघ. चित्र नाही, माऊस नाही. आज्ञा अक्षरशः टाइप करून द्यावयाची. फाइलचे नाव आठ अक्षरांच्या आत बसवावयाचे आणि त्यापुढे टिंब देऊन आणखी तीन अक्षरे. त्यामुळे 'विद्यार्थी साहाय्य यादी' हे नाव इंग्रजीत काटछाट करून असे काही होई की दुसऱ्या महिन्यात ते लिहिणाऱ्यालाच ओळखू येत नसे.

आज्ञेत एक अक्षर चुकले की पडद्यावर इंग्रजीत उत्तर येई, 'बॅड कमांड ऑर फाइल नेम'. आमच्या खेड्यातून आलेल्या मुलांना इंग्रजीतले फार थोडे शब्द ठाऊक असत, पण 'बॅड' हा शब्द सर्वांना ठाऊक होता. एक मुलगी तो शब्द वाचून खुर्चीवरून उठून उभीच राहिली. तिला वाटले, यंत्राने आपल्याला वाईट म्हटले. मी तिला समजावले की वाईट तू नाहीस, आज्ञा चुकली आहे. परंतु त्या दिवशी माझ्या ध्यानात आले की यंत्राची भाषा ठरवणाऱ्याने आपल्यासारखा माणूस त्याच्यासमोर बसेल अशी कल्पनाच केलेली नव्हती.

मग मराठीचे काय? तर या प्रश्नावर आपल्याच देशात काम झाले होते. कानपूरच्या आयआयटीमध्ये मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी जिस्ट हे तंत्र उभे केले. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि हे काम तिच्याकडे आले. जिस्टचे कार्ड संगणक उघडून आत बसवावे लागे, आणि मग त्याच काळ्या पडद्यावर मराठी अक्षरे उमटत. त्यासोबत इनस्क्रिप्ट नावाचा कळफलक आला, तो १९८६ साली शासनाने प्रमाण ठरवला होता. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि सर्व भारतीय लिप्यांना तोच एक आराखडा.

कळफलक उत्तम होता, पण आम्हा टंकलेखनवाल्यांची मोठी पंचाईत झाली. ज्या बोटांनी वर्षानुवर्षे टाइपरायटरवर अक्षरे पाठ केली होती, त्या बोटांना सगळे नव्याने शिकावे लागणार होते. मी स्वतः दोन वर्षे टाळाटाळ केली. 'हे आपल्याकडे चालणार नाही' असे मी चारचौघांत म्हणत असे. खरी गोष्ट अशी की मला पुन्हा विद्यार्थी व्हायची लाज वाटत होती. माझ्यामुळे दोन वर्षांची मुले इनस्क्रिप्ट न शिकता बाहेर पडली. माझ्या चुकांपैकी ही पहिली.

स्टार्टची कळ

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आली. ती सीडीवर मिळे आणि तेरा फ्लॉपींवरही मिळे. ज्यांनी फ्लॉपींवरून ती चढवली त्यांना ते तेरा टप्पे आजही आठवत असतील. एक संपली की दुसरी घाला, आणि मध्येच एखादी खराब निघाली की पुन्हा पहिल्यापासून. त्यात मध्येच वीज गेली, तर बोलायलाच नको.

परंतु प्रणाली उघडली आणि लोक हरखून गेले. रंग आले, चित्रे आली. फाइलला २५५ अक्षरांपर्यंत नाव देता येऊ लागले. कोपऱ्यात 'स्टार्ट' नावाची कळ आली. मुलांनी पहिल्याच दिवशी विचारले, "सर, यंत्र बंद करायचं तरी स्टार्टच दाबायचं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मोठ्या माणसांना माऊस सांभाळणे जड गेले. टेबलाची कड आली की पुढे कसे जायचे, हे त्यांना उमगत नसे. माऊस उचलून पुन्हा मध्ये ठेवावयाचा, ही गोष्ट कोणत्याच पुस्तकात दिलेली नव्हती.

त्या काळच्या प्रणालीत आणखी एक संदेश येई. काम करता करता पडदा अडकला की चौकट उघडे आणि इंग्रजीत सांगे की या आज्ञावलीने बेकायदेशीर कृती केली आहे, म्हणून ती बंद करण्यात येत आहे. यंत्राच्या परिभाषेत त्याचा अर्थ साधा आहे, नियमात न बसणारी सूचना मिळाली, एवढाच. पण आमच्याकडे शिकायला येणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी तो शब्द वाचला आणि ते घाबरून मला म्हणाले, "सर, मी तर फक्त अर्ज लिहीत होतो. यात माझ्यावर काही केस तर होणार नाही ना?" आपण हसतो. मीही तेव्हा हसलो. पण ज्या माणसाच्या आयुष्यात कागद आणि कायदा नेहमी धाक घेऊनच आले, त्याने असे का विचारावे हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही.

यादी हरवली त्याची गोष्ट

आता माझ्या दुसऱ्या आणि मोठ्या चुकीकडे येतो. विंडोजच्या त्या पिढीत मराठी लिहिण्याची सर्वसाधारण रीत फॉन्टची होती. संगणकाच्या पोटात ते अक्षर इंग्रजीच असे, वरून मात्र त्याला मराठी अंगरखा घातलेला असे. बरे, प्रत्येक कंपनीचा अंगरखा निराळा. एका फॉन्टमध्ये लिहिलेले दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडले की सगळे विचित्र दिसे. पण छापून कागद हातात येत होता, म्हणून कोणी फार विचार केला नाही. मीही केला नाही.

२००३ सालची गोष्ट. मी ज्या मंडळाचे काम पाहत होतो, तेथील परीक्षा शुल्काच्या साहाय्यासाठी निवडलेल्या चाळीसेक मुलांची यादी संगणकात होती. यंत्र मंद झाले होते, म्हणून त्यावर नवी प्रणाली चढवायचे ठरले. काम करणाऱ्या मुलाने मला विचारले, "सर, डेटा काढून घेतला ना?" मी म्हणालो, घेतला. आणि खरोखरच घेतला होता, दोन फ्लॉपींवर. त्याने यंत्र पुसून नवी प्रणाली टाकली. संध्याकाळी मी यादी उघडली. नावांच्या जागी इंग्रजी अक्षरे, आकडे, कंस आणि डॉलरची चिन्हे. फाइल होती, पण फॉन्ट गेला होता. तो वेगळा जपून ठेवावा लागतो, हे मला सुचलेच नव्हते. आणि यादी दुसऱ्या दिवशी अकरा वाजेपर्यंत द्यावयाची होती.

त्या रात्री आम्हाला कोणी तारले? मंडळाच्या कोषाध्यक्ष बाईंच्या वहीने. त्या फक्त सातवीपर्यंत शिकलेल्या. परंतु प्रत्येक मुलाचे नाव, वडिलांचे नाव, गाव, इयत्ता आणि रक्कम त्यांनी हाताने वहीत उतरवलेली होती. रात्री नऊला मी त्यांच्या दारात गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, तुमचं मशीन आडवं झालं, पण माझी वही उभी हाय. बसा, मी सांगते, तुम्ही लिहा." त्यांनी वाचले, मी लिहिले. भारनियमनाचे दिवस होते, कंदिलाच्या उजेडात दोन वाजेपर्यंत बसलो. यादी वेळेत गेली. एकाही मुलाचे नुकसान झाले नाही, पण ते केवळ त्या बाईंमुळे. ती न वाचता येणारी फाइल मी आजही जपून ठेवली आहे. माझ्या शिकवणीत जो गर्व होता तो त्या फाइलने उतरवला.

अक्षराला कायमचा क्रमांक

ज्या दोषामुळे आमची यादी गेली तो दोष दूर करण्याचे काम तोवर जगात सुरू झाले होते. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिची कल्पना सोपी आहे. शाळेच्या हजेरीपटावर प्रत्येक मुलाला एक क्रमांक असतो, तसा जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यावयाचा. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५. यंत्र कोणतेही असो, कंपनी कोणतीही असो, २३२५ म्हणजे 'क'च. देवनागरीला अशा १२८ जागा मिळाल्या. आपल्याकडे आधी इस्की नावाचे जे प्रमाण ठरले होते, त्याच्याच आधारावर ही मांडणी केली गेली.

२००० सालच्या विंडोज २००० मध्ये आणि २००१ सालच्या विंडोज एक्सपीमध्ये ही सोय आली. पण पहिल्या वापरकर्त्याला ती आयती मिळाली नाही. एक्सपीमध्ये भाषेच्या खिडकीत जाऊन एका चौकोनात बरोबरची खूण करावी लागे. खूण केली की यंत्र मूळ सीडी मागे. ती सीडी ज्याच्याकडे असे तो गावात एखादाच, आणि तोही परभणीला गेलेला. त्या एका खुणेपायी किती यंत्रे मराठीवाचून राहिली असतील याची गणती नाही.

खूण झाली, मराठी आली, तरी ती आपली मराठी होती का? पहिल्या वापरकर्त्यांच्या लक्षात हळूहळू दोष येऊ लागले. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. हिंदीला हा भेद लागत नाही, मराठीला लागतो. पापणीसारखा दिसणारा तो अर्धा 'र' उमटवायचा तर 'ऱ' हे निराळे अक्षर वापरावे लागते, हे कित्येकांना वर्षानुवर्षे ठाऊकच नव्हते. 'ल' आणि 'श' ही अक्षरे बहुतेक फॉन्टमध्ये हिंदी वळणाची. आणि 'ॲ' हे अक्षर! ॲसिड, ॲम्ब्युलन्स, ॲडमिशन असे रोजचे शब्द. पण युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र क्रमांकच नव्हता. लोक 'अ' लिहून त्याच्या डोक्यावर चंद्र ठेवत आणि काही यंत्रांवर तो चंद्र एका ठिपक्यांच्या वर्तुळावर वेगळाच जाऊन बसे. अखेर २००८ साली युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत 'ॲ'ला २४१८ हा क्रमांक मिळाला.

मुलांनो, १९९१ ते २००८ ही सतरा वर्षे होतात. सतरा वर्षे आपल्या भाषेतले एक रोजचे अक्षर हजेरीपटावर नव्हते. युनिकोडमध्ये अक्षर आपोआप येत नाही. लेखी प्रस्ताव द्यावा लागतो, छापील उदाहरणे जोडावी लागतात, शंकांना उत्तरे द्यावी लागतात. कोणीतरी 'हे अक्षर नाही' असे लिहून कळवल्याशिवाय ते येत नाही. ज्याची उणीव आहे त्याने ती सांगितली नाही, तर ज्याला उणीव नाही तो ती शोधायला कशाला येईल?

पोस्टाने आलेली तबकडी

आता ज्या लिनक्सविषयी आपले तरुण बोलतात तिच्याकडे वळतो. २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधील हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लोकांना कळवले की तो छंद म्हणून एक कार्यप्रणाली तयार करतो आहे, ती फार मोठी होणार नाही, पण लोकांना तिच्यात काय हवे ते त्याला जाणून घ्यायचे आहे. त्याने माल तयार करून विकायला काढला नाही. आधी विचारले, आणि मग आलेल्या उत्तरांवर काम केले. ज्यांनी ती पहिल्याने वापरली त्यांनी दोष कळवले, काहींनी दुरुस्त्याही पाठवल्या. त्यातूनच ती वाढली. आज तुमच्या बहुतेकांच्या हातातील अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात लिनक्सच आहे.

आमच्याकडे ती पोहोचली ती पोस्टाने. २००४ साली उबुंटू नावाची लिनक्सची एक आवृत्ती निघाली. तिच्यामागे दक्षिण आफ्रिकेचे मार्क शटलवर्थ होते. उबुंटू हा आफ्रिकेतील शब्द, त्यात माणुसकीचा, एकमेकांमुळे आपण आहोत असा भाव आहे. त्यांनी पत्ता कळवणाऱ्याला सीडी फुकट पाठवण्याची योजना काढली होती, ती २०११ पर्यंत चालली. आमच्या एका विद्यार्थ्याने सहज म्हणून पत्ता कळवला, आणि काही आठवड्यांनी पोस्टमन परदेशातून आलेले पाकीट घेऊन त्याच्या घरी हजर. घरच्यांना वाटले, पोराने उधारीवर काही मागवले. त्यांनी पाकीट घ्यायलाच नकार दिला! पोस्टमनने पैसे द्यायचे नाहीत हे तीनदा सांगितले तेव्हा कुठे ते घरात गेले.

त्या मुलाचा पुढचा अनुभव मात्र कडू होता. प्रणाली चढवताना यंत्राने विचारले की डिस्कचा काही भाग वापरू की संपूर्ण? त्याने घाईत संपूर्णला होकार दिला. भावाचे फोटो, वडिलांचे हिशेब, सगळे पुसले गेले. शिवाय त्या काळी टेलिफोनवरून इंटरनेट लावणारे अनेक स्वस्त मॉडेम फक्त विंडोजसाठी बनवलेले असत, ते लिनक्सवर चालत नसत. इंटरनेट लावण्याची माहिती इंटरनेटवर होती, आणि इंटरनेट तर लागत नव्हते. तो दुसऱ्याच्या यंत्रावर वाचून, कागदावर उतरवून घरी येई आणि करून पाही. असे त्याने पंधरा दिवस केले. तो कागदांचा गठ्ठा त्याने नंतर आमच्या वर्गाला दिला आणि पुढच्या मुलांचे काम एका दुपारी झाले. पंधरा दिवसांची एक दुपार झाली ती त्या गठ्ठ्यामुळे.

मराठी रूपांतराचे कामही अशाच स्वयंसेवकांनी केले. लिनक्सच्या पडद्यावरील हजारो लहान लहान वाक्ये त्यांनी मराठीत आणली. फाइलला फाइल म्हणावे की धारिका, यावर वाद झाले. वाद झाले हे चांगलेच झाले, कारण त्यावरून कोणीतरी वापरत होते हे कळते. सी-डॅकनेही २००७ साली बॉस ही लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली काढली, तीत मराठीची सोय आहे. शेजारच्या राज्यांपलीकडे पाहिले तर केरळने आपल्या सरकारी शाळांत मुक्त प्रणालीच वापरण्याचे धोरण ठेवले आणि शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण दिले. म्हणजे हे काम फक्त तज्ज्ञांचे नाही, शाळामास्तरांनाही जमते.

आपण काय करावे?

आता आपल्या पाच संगणकांकडे परत येऊ. मंडळाने जो निर्णय घ्यावयाचा तो घ्यावा, मात्र करून पाहण्याची रीत मी सांगतो. ती मला चुका करून मिळालेली आहे.

पहिली गोष्ट, आधी आपले सर्व कागद दोन ठिकाणी उतरवून घ्या आणि दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. नुसते उतरवणे पुरेसे नाही, माझी यादी आठवा. जुन्या फॉन्टमधील फाइली असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा. यादीची एक प्रत कागदावर ठेवा.

दुसरी गोष्ट, पाचही यंत्रे एकदम बदलू नका. लिनक्स आज पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता चालवून पाहता येते. एका यंत्रावर महिनाभर तसे चालवा, मग ठरवा.

तिसरी गोष्ट, कामे आधी लिहून काढा. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरले जातात. ते ब्राउझरमध्ये उघडते, तेव्हा खालची प्रणाली कोणती हा प्रश्न फारसा येत नाही. पण आपला प्रिंटर चालतो का? स्कॅनर चालतो का? बोटाचा ठसा घेणारे यंत्र चालते का? टंकलेखन परीक्षेचा सराव ज्या आज्ञावलीवर होतो ती चालते का? यांपैकी एखादे अडले तर एक यंत्र विंडोजवर ठेवावे लागेल, त्यात कमीपणा नाही. कोणत्याही प्रणालीचा अभिमान धरू नका. मुलांचे काम अडता कामा नये, एवढा एकच निकष ठेवा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. संगणकाशेजारी एक वही बांधून ठेवा. जो कोणी बसेल त्याने अडचण आली की चार ओळी लिहाव्यात: तारीख, मी काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले. 'चालत नाही' एवढेच लिहू नका, त्याचा उपयोग कोणालाच होत नाही. 'मराठीत नाव लिहून छापले, पडद्यावर दऱ्या दिसले, कागदावर दर्या आले' असे लिहा. ही वही महिन्याच्या शेवटी एखाद्या विद्यार्थ्याने वाचावी आणि जे दोष आपल्याकडून सुटत नाहीत ते प्रणाली तयार करणाऱ्यांना कळवावेत. लिनक्समध्ये त्याची खुली व्यवस्था आहे. शिकण्यासाठी मुंबईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही ऐकायला मिळते. इंग्रजी चांगले नाही म्हणून थांबू नका. सरळ लिहिलेल्या चार ओळी आणि पडद्याचे एक चित्र एवढे पुरते.

आणि ही वही केवळ हुशार मुलांनी लिहू नये. अभ्यासिकेची झाडलोट करणाऱ्या मावशींनाही एकदा त्या खुर्चीवर बसवा आणि त्यांना काय कळले नाही ते उतरवून घ्या. हुशार मुलगा अडचणीतून वाट काढतो आणि अडचण विसरून जातो. ज्याला वाट सापडत नाही, दोष कोठे आहे ते त्यालाच दिसते. 'बॅड' शब्द वाचून उभी राहिलेली ती मुलगी आणि केस होईल म्हणून घाबरलेले ते गृहस्थ, यांचे म्हणणे तेव्हा कोणी लिहून कळवले नाही. मीही कळवले नाही. मी फक्त त्यांना समजावले आणि घरी गेलो. आज मला वाटते, त्यांना समजावण्याबरोबर एक पत्रही मी लिहायला हवे होते.

विद्यार्थी मित्रांनो, नवी प्रणाली येतच राहणार. विंडोज एक्सपीची देखभाल २०१४ साली संपली, दहाची २०२५ साली संपली, अकराचीही कधीतरी संपेल. दर वेळी दोन प्रकारची माणसे दिसतात. काही जण दुसऱ्याने ठेचा खाऊन वाट मोकळी करण्याची वाट पाहतात. काही जण पुढे जाऊन ठेच कोठे लागली तेथे खूण करून ठेवतात. आपण पुष्कळ काळ इतरांनी केलेल्या वाटांवरून उशिरा चाललो. या कामात तशी सक्ती कोणाचीही नाही. यंत्र जुने आहे, प्रणाली फुकट आहे, वही दहा-वीस रुपयांत येते.

त्या कोषाध्यक्ष बाई आज हयात नाहीत. त्यांनी आयुष्यात संगणकाला हात लावला नाही. पण नोंद ठेवण्याची जी शिस्त त्यांच्याकडे होती, तीच घेऊन तुमच्यापैकी कोणी या पाच यंत्रांसमोर बसला, तर मला माझ्या दोन्ही चुका थोड्या हलक्या झाल्यासारख्या वाटतील. पुढच्या वर्षी मला बोलावलेत तर भाषणासाठी बोलावू नका. ती वही वाचायला बोलावा.